सतराव्या वर्षी दिलेला शब्द

आदरणीय मावशी, सलाम.

मी २९ वर्षांची आहे. पुण्यात एका खासगी हॉस्पिटलच्या आयसीयूत स्टाफ नर्स आहे. गाव नगर जिल्ह्यात. बारावीच्या सुट्टीत आमच्या तरुण संघाचं शिबिर होतं. शेवटच्या रात्री पाहुण्या वक्त्यांनी विचारलं, ‘पूर्णवेळ सेवेसाठी कोण स्वतःला देणार?’ मी उभी राहिले. रडत रडत म्हणाले, ‘प्रभू, मी तुझी सेवा करीन.’ दोन वर्षांनी पप्पा गेले. मी मिशन हॉस्पिटलमधून जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला आणि नोकरीला लागले. पप्पांच्या आजारपणातलं कर्ज आत्ता कुठे फिटलंय. धाकट्या भावाचा डिप्लोमा चालू आहे, मम्मीला संधिवात आहे.

आमचे पाळकसाहेब म्हणतात, ‘तू योना झाली आहेस, देवापासून पळते आहेस.’ जूनपासून दोन वर्षांचा बायबल कोर्स आहे, तिथेच राहून करायचा. फॉर्म त्यांनी घरी आणून दिला. त्यातच ३१ डिसेंबरच्या रात्री मंडळीत वचनाचं कार्ड काढलं, तर यशया ६:८ निघालं: ‘हा मी, मला पाठव.’ तेव्हापासून झोप नाही. ‘नवस करून न फेडण्यापेक्षा न केलेला बरा’ हे बायबलमधल्या उपदेशक पुस्तकातलं वचन डोक्यात घुमत राहतं. ड्युटीवर सक्शन करते, सलाइन बदलते आणि वाटतं, हे तर पगारासाठी. देवाचं काम राहूनच गेलं. मला कधी कसला आवाज आला नाही, स्वप्न पडलं नाही. मग मला पाचारण झालं होतं की नाही? माझ्या आयुष्याचा हेतू मी हुकवला का?

(कृपया नाव छापू नये. सकाळी सव्वानऊ, नाइट संपवून लिहिते आहे.)

*

प्रिय मुली, सलाम.

पत्राच्या शेवटी लिहिलेल्या वेळेवर माझी नजर अडकली. रात्रभर उभी राहून, न झोपता, न जेवता तू आयुष्याच्या हेतूचा हिशेब मांडायला बसलीस. म्हणून आधी एलीया संदेष्ट्याकडे जाऊ. पहिलं राजे, अध्याय १९. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवलेला माणूस रानात रतामाच्या झुडपाखाली पडून मरण मागतो. देव त्याला त्या वेळी काहीही विचारत नाही. देवदूत येतो, निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो, ‘ऊठ, खा’ म्हणतो. एलीया खातो आणि परत झोपतो. मग दुसऱ्यांदा भाकर येते. ‘तू इथे काय करतोस?’ हा प्रश्न त्यानंतर चाळीस दिवसांनी, होरेब डोंगरावर. तोपर्यंत त्याचं पोट भरलेलं होतं आणि झोप झालेली होती. तेव्हा पहिली विनंती ही, की नाइट संपवून आल्यावर या विषयाचा विचार करायचा नाही. सुट्टीच्या दिवशी, दुपारी, जेवून झाल्यावर करायचा. जानेवारीपासून खरंच झोप लागत नसेल, तर डॉक्टरांना दाखव. अपुऱ्या झोपेत आपल्याला जो आवाज ऐकू येतो, तो पुष्कळदा भीतीचा असतो, आणि तो देवाच्या आवाजासारखाच गंभीर वाटतो.

आता नवसाबद्दल. तू त्या रात्री काय म्हणालीस, ते तूच लिहिलं आहेस: ‘प्रभू, मी तुझी सेवा करीन.’ विचारणाऱ्याने ‘पूर्णवेळ’ म्हटलं होतं. तू नव्हतं म्हटलं. मला हा फरक छोटा वाटत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने शेकोटीच्या उजेडात, शेजारी मैत्रिणी रडत असताना, जे मनापासून म्हटलं ते देवाने ऐकलं असेल, याबद्दल मला शंका नाही. पण पुढे त्या वाक्यात बायबल कॉलेज, पांढरी साडी आणि मिशनचा पगार कोणी घातला? आपणच घातला. आपल्या मंडळ्यांमध्ये गेली कितीतरी वर्षं ‘सेवा’ हा शब्द पाळक, सुवार्तिक आणि बायबल बाई यांच्यापुरता राखून ठेवला गेला, आणि बाकीच्यांनी पगारातून दशांश द्यायचा एवढंच उरलं.

उपदेशकातलं वचन खरं आहे, मी ते हलकं करणार नाही. दिलेला शब्द पाळावा. पण नवसाबद्दल आपला प्रभू स्वतः काय म्हणाला, तेही त्याच शास्त्रात आहे. मार्क, अध्याय ७. आईवडिलांना ज्याचा आधार मिळायचा तो पैसा ‘कुर्बान’, म्हणजे देवाला अर्पण, असं जाहीर करून त्यांना वाऱ्यावर सोडणाऱ्यांना येशूने तोंडावर सुनावलं, की तुम्ही देवाची आज्ञा रद्द करता. देवाच्या नावाने केलेला नवस आईच्या औषधाच्या आड येत असेल, तर येशू कोणाच्या बाजूने उभा राहतो हे तिथे अगदी स्वच्छ दिसतं. तू वयाच्या विशीपासून वडिलांचं कर्ज फेडलंस. ते करताना तुझ्या मनात चोरी केल्याची भावना होती, याचं मला फार वाईट वाटलं. आईबापांचा मान राखायची पाचवी आज्ञा पाळत होतीस गं तू.

आणि योना. योनाला देवाने शहराचं नाव सांगितलेलं होतं. ‘ऊठ, निनवेला जा.’ संदेश ठरलेला, दिशा ठरलेली, आणि याफोच्या बंदरावर त्याने पदरचं भाडं भरून बरोबर उलट्या दिशेची, तार्शीशची बोट धरली. तुला कोणत्या निनवेचं नाव सांगितलं होतं? आणि तू कोणती बोट धरलीस? वडील गेल्यावर घर सांभाळायला हाताशी होतं ते शिक्षण घेतलंस, आजारी माणसांच्या खाटेशी जाऊन उभी राहिलीस. पाळकसाहेबांचा हेतू चांगला असेल. होतकरू मुलगी सेवेत यावी असं कुठल्याही पाळकाला वाटतं, आणि माणसं कमी आहेत हेही खरं. मी स्वतः पाळकाची मुलगी आहे, ती तळमळ मी घरात पाहिली आहे. पण एखाद्याच्या अपराधीपणाला हात घालून त्याला सेवेत ओढलं, की तो माणूस दोन-तीन वर्षांत आतून कोरडा पडतो. हेही मी घरात पाहिलं आहे.

तू ‘पाचारण’ हा शब्द वापरलास. आपल्या बायबलच्या मराठीत तो आहे, एरवी बोलताना फारसा कोणी वापरत नाही. पाचारण म्हणजे कोणीतरी आपल्याला बोलावून घेणं. कामावर नेमणं ही त्यानंतरची गोष्ट. प्रभूने बारा जणांना निवडलं तेव्हा मार्क क्रम सांगतो: त्यांनी आपल्याबरोबर असावं, आणि मग त्यांना उपदेशाला पाठवावं. ‘आपल्याबरोबर असावं’ हे आधी. पौल करिंथकरांना लिहितो, तेव्हा त्या बंदराच्या गावातल्या हमालांना, दासांना, बायांना, व्यापाऱ्यांना सगळ्यांनाच ‘पाचारण झालेले’ म्हणतो. त्यांच्यातल्या बहुतेकांनी उद्या सकाळी पुन्हा तेच काम करायचं होतं. पहिल्या पत्राच्या सातव्या अध्यायात तर तो सांगतो, की ज्या स्थितीत पाचारण झालं त्या स्थितीत राहा. लगेच पुढे दासांना म्हणतो, मोकळं होता येत असेल तर जरूर हो. म्हणजे राहणं हीसुद्धा बेडी नाही. सोळाव्या शतकात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरने बायबलचं जर्मन भाषांतर करताना रोजच्या कामधंद्यासाठी ‘बेरूफ’, म्हणजे पाचारण, हा शब्द वापरला, आणि आज जर्मन माणूस साध्या नोकरीधंद्याला तोच शब्द वापरतो. ल्यूथर स्वतः विजांच्या वादळात घाबरून ‘मी साधू होईन’ असा नवस बोललेला माणूस होता, १५०५ साली. त्याने तो नवस पाळला, मठात गेला, आणि पुढे त्यानेच लिहिलं, की भीतीपोटी केलेल्या नवसांनी देव मिळत नाही. तुला हा माणूस जवळचा वाटेल.

आणखी एक जागा दाखवते. प्रेषितांची कृत्ये, अध्याय ६. यरुशलेमच्या मंडळीत विधवांना रोज अन्न वाटलं जायचं, त्यात काही जणींवर अन्याय होत होता. प्रेषित म्हणाले, आम्ही वचनाची सेवा करू, या पंगतीच्या कामाला सात चांगली माणसं निवडा. आपण हे वाचतो आणि मनात ठरवतो, वचनाचं काम वरचं, वाढप्याचं खालचं. पण मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे एकच शब्द आहे, डायाकोनिया. अन्नाची सेवा आणि वचनाची सेवा. त्या सातांसाठी अट काय घातली? पवित्र आत्म्याने आणि ज्ञानाने भरलेली माणसं हवीत. ताटं वाढायला! आणि पुढे काय झालं? त्यांच्यातला स्तेफन पहिला रक्तसाक्षी, म्हणजे विश्वासासाठी जीव देणारा, झाला, फिलिप्प शोमरोनात सुवार्ता घेऊन गेला. पंगतीत वाढता वाढता त्यांचं पुढचं काम उघडलं.

हे सगळं मला पंचविसाव्या वर्षी कोणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मलाही पूर्णवेळ सेवेत जायचं होतं. एका संस्थेत अर्ज केला. मुलाखतीत विचारलं, ‘लग्न झाल्यावर काय करणार?’ मी खरं ते सांगितलं, की ठाऊक नाही. मला घेतलं नाही. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली, पाथर्डी तालुक्यात, पहिली ते चौथी. पहिली पाच-सहा वर्षं मी एसटीची वाट पाहत स्टँडवर बसलेल्या बाईसारखी शिकवत होते. हे माझं गाव नाही, माझी गाडी यायची आहे. त्या भागातून ऊसतोडीला माणसं जातात हे तुला ठाऊक असेल. दसरा-दिवाळी झाली की वर्गातली अर्धी पोरं कोयत्यामागे निघून जायची, उन्हाळ्यात परत यायची, तोपर्यंत शिकलेलं सगळं पुसलेलं. एका वर्षी एक मुलगी परत आली आणि तिला तिचं स्वतःचं नाव लिहिता येईना. दिवाळीआधी ती सबंध धडा वाचत होती. पाटीवर पहिलं अक्षर काढून ती माझ्याकडे बघत राहिली. त्या मे महिन्यात मी माहेरी गेले नाही. संध्याकाळी ओसरीवर कंदील लावून दहा-बारा पोरं बसवली. मला काही आवाज आला नव्हता. ती पाटी दिसली होती, एवढंच. पुढची सगळी वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दर उन्हाळ्यात ती ओसरी भरायची.

पंडिता रमाबाईंचं नाव तू संडे स्कूलमध्ये ऐकलं असशील. त्यांचं चरित्र आपण असं सांगतो, जणू त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. तसं नव्हतं. दुष्काळात त्यांचे आईवडील उपासमारीने गेले. भाऊ आणि त्या पायी देशभर फिरले. १८७८ साली कलकत्त्यात त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या मिळाल्या. दोन वर्षांनी भाऊही गेला. लग्न झालं, आणि दोन वर्षं पुरती व्हायच्या आत नवरा पटकीने गेला, पदरात तान्ही मनोरमा. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा झाला. वैद्यकी शिकायला म्हणून गेल्या होत्या. कानाला कमी ऐकू येत असल्यामुळे ते राहूनच गेलं. आज आपण ज्या कामासाठी त्यांना ओळखतो, ते त्या वेळी त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

१८८९ साली मुंबईत शारदा सदन निघालं, पुढे ते पुण्याला आलं. हेतू ठरलेला होता: उच्च जातींतल्या विधवांचं शिक्षण. आणि या काळाबद्दल त्यांनी स्वतःच्या साक्षीत जे लिहून ठेवलंय ते मला सगळ्यात धीर देतं. त्या म्हणतात, बाप्तिस्मा घेऊन बरीच वर्षं झाल्यावर माझ्या लक्षात आलं, की मला ख्रिस्ती धर्म सापडला आहे, पण धर्माचा जीव असलेला ख्रिस्त सापडलेला नाही. आठेक वर्षं! शाळा चालू होती, काम चालू होतं, जगभर नाव झालं होतं, आणि आत ही पोकळी. त्यांनी शाळा बंद केली नाही. काम करत राहिल्या, शोधत राहिल्या.

मग १८९६चा दुष्काळ आला, मध्य प्रांतात. रमाबाई तिकडे गेल्या, आणि उपासमारीने हाडांचे सापळे झालेल्या मुली बघून त्यांना स्वतःची वीसेक वर्षांपूर्वीची भूक आठवली. शेकडो मुली त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, एवढ्या मुली ठेवायची सोय नाही. केडगावला सदनाच्या खर्चाला हातभार म्हणून फळबागेसाठी घेतलेली जमीन होती, तिथे झोपड्या उभ्या राहिल्या. तेच ‘मुक्ती’. जातीची अट गेली, विधवेची अट गेली, अंध मुली आल्या, टाकलेल्या बायका आल्या. छापखाना, विणकाम, शेती, गोठा. उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या बायकांना कळेल अशा मराठीत बायबल आणत होत्या. १९२२च्या एप्रिलमध्ये त्या गेल्या, आणि ते बायबल १९२४ साली मुक्तीच्याच छापखान्यात पूर्ण छापून झालं.

तुला हे एवढं सविस्तर का सांगितलं? रमाबाईंच्या आयुष्यातला दुष्काळ हा त्यांच्या हेतूच्या आड आलेला अडथळा आहे, असं त्या वेळी त्यांना कोणीही सांगू शकलं असतं. पुढे त्याच दुष्काळामुळे त्यांचे डोळे इतरांपेक्षा आधी उघडले. तुझ्या वडिलांचं आजारपण, कर्जाचे हप्ते, आईचे दुखरे सांधे, या गोष्टी तू ‘देवाचं काम राहून गेलं’ या रकान्यात टाकल्या आहेस. तो रकाना इतक्या घाईने भरू नकोस. वडिलांच्या खाटेशी बसलेली मुलगी जेव्हा आयसीयूच्या दाराबाहेर बसलेल्या दुसऱ्या मुलीशी बोलते, तेव्हा तिला शब्द शोधावे लागत नाहीत.

तुझा पेशा आपल्या समाजाने किती सोसून मिळवला आहे, हेही तुझ्या पिढीला कोणी सांगितलेलं दिसत नाही. परक्या माणसाच्या अंगाला हात लावायचा, घाण काढायची, रात्री घराबाहेर राहायचं, म्हणून चांगल्या घरच्या मुली नर्सिंगला पाठवत नसत, तो काळ फार जुना नाही. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ साली मिरजेला हॉस्पिटल उभं केलं. तिथे, नगरला, जालन्याला, वेंगुर्ल्याला मिशन हॉस्पिटलं चालली ती कोणाच्या हातांवर? आपल्याच वाड्यावस्त्यांतल्या मुलींच्या. माझी आत्या त्यातलीच. तिने कधी व्यासपीठावर साक्ष दिली नाही. वॉर्डच्या दारात उभी राहून खाटा मोजायची, आणि मोजताना प्रत्येक खाटेसाठी मनात एकच शब्द म्हणायची, ‘प्रभू.’ बावीस खाटा, बावीस वेळा. मग कामाला लागायची. हे आम्हाला ती थकल्यावर, शेवटी शेवटी, सहज बोलता बोलता कळलं.

पण ‘नोकरी हेच पाचारण’ असं म्हणून मी तुझी बोळवण करणार नाही. ते फार सोपं होईल, आणि त्याचा गैरवापर होतो. नर्सला ‘तुम्ही सेवाभावी’ म्हणायचं आणि तिच्या अंगावर तिप्पट पेशंट टाकायचे, ओव्हरटाइम बुडवायचा, हे मी माझ्या भाचीच्या बाबतीत पाहिलं आहे. पाचारण म्हणजे अन्याय गिळण्याचा परवाना नव्हे. तुझ्या ड्युट्या माणसाला झेपतील अशा नसतील, तर बोल, चार जणींना घेऊन बोल, नाहीतर जागा बदल. ‘हे तर पगारासाठी’ असं तू लिहिलंस, त्या वाक्यातली लाजही काढून टाक. मजूर आपल्या मजुरीला पात्र आहे, हे प्रभूचंच वाक्य आहे, आणि ते त्याने सुवार्तेला निघालेल्या शिष्यांना उद्देशून म्हटलं होतं. पौल राहुट्या शिवून पोट भरायचा आणि त्याचा त्याला अभिमान होता.

आता आवाजाचं. तुला आवाज आला नाही. शास्त्रात आवाज ऐकणारे पुष्कळ आहेत, पण आवाज न ऐकता योग्य तेच केलेले त्यांच्याहून कमी नाहीत. रूथला कोणी स्वर्गातून सांगितलं नाही, ती सासूबरोबर चालत राहिली. यापोची टबीथा कपडे शिवायची. ती मेली तेव्हा विधवांनी रडत रडत पेत्राला ते अंगरखे दाखवले, एवढीच तिची साक्ष. ज्याला आवाज आला त्या शमुवेलाचंही नीट वाच. पोराला तीनदा हाक आली आणि तिन्ही वेळा तो उठून म्हाताऱ्या एलीकडे धावला. देवाची हाक आणि गुरुजींची हाक त्याला वेगळी कळेना! ती कळायला ज्याची नजर मंदावली होती असा तो म्हातारा लागला. एकटीने, उशीत तोंड खुपसून, पाचारण ओळखता येत नाही. कोणीतरी शांत, वयस्क, ज्याला तुझ्याकडून काहीच नको आहे, असं माणूस शोध. फॉर्म आणून देणारं माणूस या कामाला चालत नाही.

ज्यांना स्पष्ट हाक आली, त्यांनाही थांबावं लागलं. मदर तेरेसा कलकत्त्याला लोरेटो संस्थेच्या शाळेत शिकवत होत्या, मुख्याध्यापिका झाल्या होत्या. १० सप्टेंबर १९४६ रोजी दार्जिलिंगच्या गाडीत त्यांना वाटलं, की आपल्याला गरिबांतल्या गरिबांत जायला सांगितलं जातंय. त्या दुसऱ्या दिवशी बाहेर पडल्या नाहीत. आर्चबिशपांनी वाट पाहायला लावली, रोमहून परवानगी यावी लागली. ऑगस्ट १९४८मध्ये त्या कॉन्व्हेंटबाहेर आल्या, आणि सगळ्यात आधी कुठे गेल्या असतील? पाटण्याला, नर्सिंगचं प्राथमिक शिक्षण घ्यायला. तुला जे हातात आहे, ते शिकायला. पुढची कितीतरी वर्षं त्यांना प्रार्थनेत देव जवळ असल्याचं जाणवत नव्हतं, हे त्यांची पत्रं २००७ साली छापून आली तेव्हा जगाला कळलं. आपण प्रॉटेस्टंट लोक त्यांच्याबद्दल मंडळीत फारसं बोलत नाही. या बाबतीत तरी बोलायला हवं. हाक खरी असली तर ती दोन वर्षं थांबल्याने विझत नाही, आणि आत काही जाणवत नाही म्हणून ती खोटी ठरत नाही.

एक उपयोगी सवय मला एका कॅथोलिक सिस्टरांनी शिकवली. पुढे जेझुइट संघ स्थापणारा लोयोलाचा इग्नेशियस १५२१ साली पँप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून महिनोन्‌महिने अंथरुणात पडला. वेळ घालवायला तो कधी दरबारी पराक्रमांची स्वप्नं बघायचा, कधी संतांच्या कथा वाचून तसं जगायची. दोन्ही बघताना छान वाटायचं. फरक नंतर पडायचा. पहिल्यानंतर मन कोरडं, दुसऱ्यानंतर कितीतरी वेळ प्रसन्न. तो त्या नंतरच्या चवीकडे लक्ष देऊ लागला. तूही एक वही कर. दोन महिने, प्रत्येक ड्युटीनंतर झोप झाल्यावर दोन ओळी: आज कोणत्या क्षणी जीव भरून आला, कोणत्या क्षणी आटला. आणि कोर्सचा विचार करशील तेव्हाही लिही, की आत्ता ओढ वाटली की धास्ती. तिथे जाऊन शास्त्र शिकायच्या कल्पनेने तुला आनंद होतो का, हे तुझ्या पत्रात कुठेच आलेलं नाही. मी ते शोधलं. भीती सात ठिकाणी आहे, इच्छा एकाही ठिकाणी नाही. असं तर नाही ना, की इच्छा आहे आणि ती म्हणायचीच तुला लाज वाटते?

वचनाच्या कार्डाबद्दल एवढंच, की त्या परडीतलं प्रत्येक वचन खरंच असतं. ‘हा मी, मला पाठव’ हे वचन तुझ्या हाती आलं याचा आनंद मान. पण ते वाक्य यशया बोलला तेव्हा त्याला कोणी ओढलेलं नव्हतं. आधी वेदीवरचा निखारा त्याच्या ओठांना लागला, त्याचा दोष दूर झाल्याचं त्याला सांगितलं गेलं, आणि त्यानंतर तो आपण होऊन म्हणाला. अपराधी मनाने म्हणायचं ते वाक्य नाही.

तर या जूनचा फॉर्म भरू नकोस, असं माझं स्पष्ट मत आहे. भावाचा डिप्लोमा पूर्ण होऊ दे. पाळकसाहेबांना भेट, एकटी नको, मम्मीला घेऊन जा, आणि आदराने सांग: ‘साहेब, मी पळत नाही. मला एक वर्ष द्या, मी प्रार्थनेने पारखते आहे.’ ते रागावले तरी रागावू दे. पाळकांचं मन मोठं असतं, आणि नसलंच तर तेही तुला वेळीच कळेल. फॉर्म फाडू मात्र नकोस, बायबलमध्ये ठेवून दे. या वर्षात शास्त्र शिकायची भूक खरंच आहे का ते बघायला नोकरी सांभाळून करता येतो असा पत्राद्वारे शिकवणारा एखादा अभ्यासक्रम घे. तुझ्या मंडळीत आजाऱ्यांना भेटायला कोण जातं, विचार. बहुतेक ठिकाणी महिला मंडळाच्या चार म्हाताऱ्या जातात, ज्यांना बीपीचं मशीन लावता येत नाही. महिन्यातून एक रविवार त्यांच्याबरोबर जा. शुगर तपास, औषधाच्या गोळ्या नीट लावून दे, आणि त्या म्हाताऱ्या प्रार्थना करतील तेव्हा डोळे मिटून बस. तुला स्वतःला काही बोलावंसं वाटलं तर बोल, नाहीतर बोलू नकोस.

वर्षाने ओढ वाढलेली असेल, धास्ती गेलेली असेल, घरची घडी बसलेली असेल, आणि तुला ओळखणारी दोन शहाणी माणसं ‘जा’ म्हणत असतील, तर जा. मी स्वतः तुझ्यासाठी शिफारसपत्र लिहीन. ओढ वाढली नाही, तर आयसीयूतच राहा, किंवा गावाजवळच्या एखाद्या मिशन हॉस्पिटलात जागा बघ. तिथे अनुभवी सिस्टर मिळत नाहीत अशी तक्रार मी सारखी ऐकते.

वही लिहायला लागलीस की दोन महिन्यांनी मला कळव. आणि मम्मीच्या सांध्यांना कोणतं औषध चालू आहे तेही लिही, माझेही गुडघे तिच्याच वयाचे आहेत.

तुझी,
मावशी